मनुष्यानें सजीव मांस घडवावें काय?

गेल्या कांहीं वर्षांत वर्तमानपत्रांतून एका तऱ्हेची बातमी वारंवार येऊं लागली आहे. अमुक देशांत यंत्रानें मनुष्याचा कान छापला, तमक्या ठिकाणीं हृदय छापलें, आणखी थोड्या वर्षांनीं मूत्रपिंडेंही छापून मिळतील, अशा अर्थाचे मथळे आमच्या वाचकांनीं पाहिले असतील. मागें एका खेड्यांतील मंडळीस भेट देण्यास आम्ही गेलों असतां, उपासना आटोपल्यावर एका वृद्ध गृहस्थांनीं हाच विषय काढिला. त्यांच्या नातवाचीं दोन्ही मूत्रपिंडें निकामी झालीं असून आठवड्यांतून दोनदां त्यास रक्त शुद्ध करण्याकरितां तालुक्याच्या गांवीं न्यावें लागतें. मुलाची आई आपलें एक मूत्रपिंड देण्यास तयार आहे. परंतु घरांतील तरुण मंडळी म्हणतात कीं, यंत्रानें केलेलें मूत्रपिंड लवकरच मिळणार आहे, तर सुनेच्या अंगावर सुरी कां चालवावी? वृद्ध गृहस्थांनीं आम्हांस विचारिलें, "साहेब, मांस घडविण्याचें हें काम माणसानें हातीं घ्यावें काय? आणि घ्यावें असें असेल, तर आमच्या पोरासाठीं आम्ही थांबावें काय?"

हे दोन्ही प्रश्न रिकामपणीं सुचलेले नव्हते. संकटांतून निघाले होते. म्हणून त्यांचा विचार ह्या ठिकाणीं सावकाशपणें करावा असें आम्हांस वाटलें. परंतु योग्य काय व अयोग्य काय हें ठरविण्यापूर्वीं, मुळांत घडतें तरी काय, हें नीट समजून घेतलें पाहिजे.

आपलें शरीर अतिसूक्ष्म सजीव कणांचें बनलेलें आहे. ह्या कणांस पेशी म्हणतात. रोग्याच्या शरीरांतून एक लहानसा तुकडा काढून घेतात, त्यांतील पेशी निराळ्या करितात, आणि पोषक द्रवांत, शरीराइतक्याच उबेंत ठेवून त्या वाढवितात. मग समुद्रांतील शेवाळापासून किंवा जनावरांच्या कातड्यापासून काढिलेल्या चिकट पदार्थांत त्या मिसळतात. ह्या मिश्रणास सजीव शाई असें म्हणतां येईल. पुढचें काम आमच्या भगिनींस चटकन् समजेल. नाताळाच्या फराळाकरितां सोऱ्यांत पीठ भरून त्या चकली पाडतात, तसेंच हें यंत्र बारीक नळींतून ती शाई दाबून थरावर थर घालीत जातें. भेद इतकाच कीं, चकलीचा वळसा हाताच्या सवयीनें पडतो, आणि येथें तो संगणकानें आंखून दिलेल्या नकाशाबरहुकूम पडतो. हा नकाशा पुष्कळदां रोग्याच्याच शरीराच्या चित्रांवरून केलेला असतो. आकार सिद्ध झाला म्हणजे तो कित्येक दिवस उबेंत ठेवितात. तेवढ्या अवधींत पेशी एकमेकींस धरतात, वाढतात, आणि आपापल्या जातीचें काम करूं लागतात.

रोग्याच्याच पेशी घेण्याचें कारण असें कीं, शरीर परक्याचें मांस ओळखतें व त्यास बाहेर टाकूं पाहतें. १९५४ सालीं अमेरिकेंतील बॉस्टन शहरीं डॉ. जोसेफ मरे ह्यांनीं मूत्रपिंडाचें पहिलें यशस्वी प्रत्यारोपण केलें, तें एकाच रूपाच्या जुळ्या भावांमध्यें. एका भावाचें मूत्रपिंड दुसऱ्याच्या शरीरास परकें वाटलें नाहीं, म्हणून तो पुढें आठ वर्षें जगला. परंतु जुळा भाऊ किती जणांस असतो? इतरांस परका अवयव टिकविण्यासाठीं जन्मभर औषधें घ्यावीं लागतात, आणि तीं औषधें शरीराची रोगांशीं झुंजण्याची शक्तीच मंद करितात. ज्याचा अवयव त्याच्याच पेशींपासून करतां आला, तर हें संकट टळेल, अशी ह्या विद्येची आशा आहे. ही आशा खोटी नाहीं.

आतां आजपर्यंत काय साधलें तें पाहूं. २००३ सालीं अमेरिकेंतील क्लेमसन विद्यापीठाच्या थॉमस बोलंड ह्यांनीं कचेरींत कागद छापण्यासाठीं वापरतात तसलें साधें यंत्र थोडें बदलून त्यांतून सजीव पेशी छापून दाखविल्या. २०१९ सालीं इस्रायलांतील तेल अवीव विद्यापीठांत ताल द्वीर व त्यांच्या साथीदारांनीं मनुष्याच्या चरबींतील पेशींपासून एक चिमुकलें हृदय छापलें. तें सशाच्या हृदयाएवढें होतें. त्यांतील पेशी आकुंचन पावत, परंतु सर्वांनीं मिळून रक्त पुढें ढकलण्याचें काम त्यांस येत नव्हतें. २०२२ सालीं अमेरिकेंत जन्मतः एक कान नीट न वाढलेल्या एका तरुणीस तिच्याच पेशींपासून छापलेला कान बसविल्याचें जाहीर झालें. त्याच सालीं आमच्या देशांत हैदराबाद येथील एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था, तेथील आय. आय. टी. आणि पेशीविज्ञानाची सरकारी प्रयोगशाळा ह्यांनीं मिळून डोळ्याच्या बुबुळावरील पारदर्शक पटल छापून सशाच्या डोळ्यांत बसविलें. ह्याशिवाय छापलेल्या यकृताच्या व कातडीच्या बारीक तुकड्यांवर नव्या औषधांची परीक्षा होऊं लागली आहे.

वाचकांच्या लक्षांत येईल कीं, ह्या यादींत कान आहे, डोळ्याचें पटल आहे, कातडी आहे. परंतु मनुष्याच्या पोटांत बसवून चालूं लागलेलें मूत्रपिंड नाहीं. हें कां? प्रत्येक पेशीस जवळ रक्त पाहिजे. केसाच्या एकदोन जाडींइतक्या अंतराच्या आंत बारीक रक्तवाहिनी नसेल, तर पेशी गुदमरून मरते. पातळ पटलास व कुर्च्यास हें जाळें फारसें लागत नाहीं. मूत्रपिंडाची गोष्ट निराळी. एका मूत्रपिंडांत गाळण्याचें काम करणारे सुमारें दहा लक्ष सूक्ष्म घटक असतात, आणि प्रत्येकाच्या तोंडाशीं रक्तवाहिन्यांचा गुच्छ असतो. आकार छापणें एक, आणि त्यांत रक्त खेळविणें दुसरें. विद्या येथेंच अडली आहे. पुष्कळ शहाणीं माणसें ह्याच गांठीवर रात्रंदिवस खपत आहेत, आणि ती आज ना उद्यां सुटेल असें आम्हांसही वाटतें. परंतु ती आज सुटलेली नाहीं.

इतकें समजल्यावर पहिल्या प्रश्नाकडे वळूं. मांस घडविणें हें निर्माणकर्त्याच्या कामांत हात घालणें नव्हे काय? असें विचारणाऱ्यांस हसण्याचें आम्हांस धाडस होत नाहीं. शरीर ही बाजारांतली वस्तु नव्हे, त्याविषयीं कांहीं भीड व धाक मनांत असावा, हीच भावना त्या प्रश्नाच्या मुळाशीं आहे, आणि ती भावना चांगली आहे. परंतु भावना चांगली असली म्हणजे तीवरून काढिलेला निकालही बरोबर असतो, असें नाहीं.

ह्या बाबतींत आमच्याच प्रांतांतील एक जुनी गोष्ट सांगण्यासारखी आहे. कावसजी नांवाचा एक मराठा गाडीवान इंग्रजी फौजेंत बैल हांकण्याच्या कामावर होता. टिपू सुलतानाशीं झालेल्या युद्धांत तो कैद झाला, आणि त्याचें नाक व एक हात कापून टाकण्यांत आला. वर्षभर तो तसाच राहिला. पुढें पुण्याजवळ विटा करणाऱ्या जातींतील एका मनुष्यानें त्यास नवें नाक करून दिलें. त्या कारागिरानें प्रथम मेणाचें नाक करून जागेवर बसवून पाहिलें. मग तें मेण सपाट करून कपाळावर ठेविलें व त्याभोंवतीं रेघ ओढिली. त्या रेघेवर कपाळाची कातडी कापून, दोन भुवयांमधील एक लहानसा सांधा मात्र तसाच राखून, ती कातडी खालीं वळविली आणि नाकाच्या जागीं बसविली. सुमारें पंचवीस दिवस तो सांधा त्यानें तोडिला नाहीं. हा प्रकार दोघां इंग्रज वैद्यांनीं स्वतः पाहिला, आणि १७९४ सालीं लंडनच्या एका मासिकांत त्याची हकीकत चित्रासह छापली गेली. ती वाचून जोसेफ कार्प्यू नामक शस्त्रवैद्यानें १८१४ सालीं लंडनमध्यें तीच शस्त्रक्रिया केली, आणि ह्या मार्गानें ती विद्या युरोपांत पसरली.

हा सांधा पंचवीस दिवस कां राखिला? कारण त्यांतून रक्त येत होतें. नव्या जागीं कातडीनें मूळ धरेपर्यंत जुन्या जागेचें रक्त तिला मिळणें अवश्य होतें. मेणाचा नमुना म्हणजे आजचा संगणकाचा नकाशाच; रोग्याची स्वतःची कातडी म्हणजे त्याच्या स्वतःच्या पेशीच; आणि रक्ताची जी अडचण आज मोठमोठ्या प्रयोगशाळांपुढें आहे, तीच त्या विटा करणाऱ्याच्या हातापुढेंही होती. त्यानें कावसजीच्या तोंडावर नाक घडविलें, म्हणून त्यानें निर्माणकर्त्याचा अपमान केला असें कोण म्हणेल? अपमान केला तो नाक कापणाऱ्यानें.

आमचे शेतकरी बंधु पावसाळ्यांत भाताची लावणी करितात. रोप एका जागचें उपटून दुसऱ्या जागीं रोवितात, ओळी धरितात, पाणी राखितात. परंतु रोपांतील वाढण्याची शक्ति त्यांनीं केलेली नसते. ती रोपाबरोबर आलेली असते. ज्या क्रियेस वैद्य प्रत्यारोपण म्हणतात, तिच्या नांवांतच हें रोपण आहे. सजीव छपाई करणाराही याहून अधिक कांहीं करीत नाहीं. तो पेशींस जागा देतो, आकार देतो, अन्न देतो. जीव देत नाहीं. आजवर कोणत्याही यंत्रांतून निर्जीव द्रव्यापासून एकही सजीव पेशी निघालेली नाहीं. प्रत्येक छापलेल्या अवयवाच्या मुळाशीं कोणाच्या तरी शरीरांतून घेतलेली सजीव पेशी असते.

आमच्या मतें ह्या सर्व विषयाची किल्ली येथेंच आहे. जीव मनुष्यास करतां येत नाहीं, तो मिळालेला असतो. आणि जें मिळालेलें असतें तें ठेवीसारखें असतें. ठेवीला हात लावूं नये असा नियम नाहीं. ठेव पुरून ठेवणारा कांहीं शहाणा ठरत नाहीं. तिचा उपयोग झाला पाहिजे. परंतु ठेवीचा उपयोग करणाऱ्यावर तीन बंधनें असतात: ज्याची ठेव त्याची परवानगी घ्यावी, हिशेब खरा द्यावा, आणि ज्यांच्या हिताकरितां ती आहे त्यांच्यापासून ती अडवून ठेवूं नये. ह्या विद्येंतील योग्यायोग्यता मांस घडविण्यावर नव्हे, तर ह्या तीन बंधनांवर ठरते, असें आमचें म्हणणें आहे. एकेकाचा विचार करूं.

पहिलें बंधन परवानगीचें. १९५१ सालीं अमेरिकेंतील बाल्टिमोर शहरीं हेन्रिएटा लॅक्स नांवाची एक गरीब कृष्णवर्णी स्त्री गर्भाशयमुखाच्या कर्करोगानें आजारी होऊन तेथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयांत आली. तिच्या गांठीचा एक तुकडा तिला न विचारतां प्रयोगशाळेंत नेण्यांत आला. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत ती मरण पावली; परंतु त्या पेशी वाढतच राहिल्या, आणि आजही जगभरच्या प्रयोगशाळांतून वाढत आहेत. पोलिओची लस तयार करितांना त्यांचा उपयोग झाला. त्यांवर पुष्कळांनीं पैसाही मिळविला. तिच्या मुलांस वीस वर्षांहून अधिक काळ ह्याची वार्ताही नव्हती. २०२३ सालीं एका मोठ्या कंपनीनें तिच्या वारसांशीं तडजोड केली. त्या पेशींपासून जगाचें कल्याण झालें, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु चांगल्या कामासाठीं चोरिलेलें बीं चोरीचेंच असतें. त्या बाईस विचारिलें असतें, तर ती कदाचित् आनंदानें होय म्हणाली असती. तो मान तिच्यापासून हिरावून घेतला गेला. यंत्रें जसजशीं वाढतील तसतसें गरिबाच्या शरीराचा लहानसा तुकडा घेणें सोपें होईल. म्हणून कागदावर आंगठा घेण्यापूर्वीं त्यावर काय लिहिलें आहे हें समजावून सांगणें, हें वैद्याचें पहिलें कर्तव्य होय.

दुसरें बंधन खऱ्या हिशेबाचें. ह्याविषयींची गोष्ट फार दुःखाची आहे. पाओलो माकियारिनी नांवाचे एक नामांकित शस्त्रवैद्य स्वीडनांतील स्टॉकहोम येथें काम करीत असत. २०११ व २०१२ सालीं त्यांनीं तेथें तिघां रोग्यांच्या गळ्यांत प्लॅस्टिकची श्वासनलिका बसविली. तिच्यावर रोग्याच्याच मज्जेंतील पेशी पसरिल्या होत्या, आणि ह्या पेशींपासून जिवंत श्वासनलिका तयार होईल असें सांगण्यांत आलें. मोठ्या वैद्यकीय मासिकांत यशाची वार्ता छापली गेली, आणि जगभर जयजयकार झाला. इकडे रोग्यांच्या गळ्यांत मात्र नळी जुळून येत नव्हती. तिघेही पुढें मरण पावले. त्याच रुग्णालयांतील चार वैद्यांनीं कागद तपासले, आणि लिहिलेलें व घडलेलें यांत मेळ नाहीं असें पाहून २०१४ सालीं तक्रार केली. प्रथम त्यांचें कोणी ऐकिलें नाहीं. उलट त्यांच्यावरच रोष झाला. अखेर २०१८ सालीं तो लेख मासिकानें परत घेतला, आणि २०२३ सालीं स्वीडनच्या वरिष्ठ न्यायालयानें माकियारिनी ह्यांस अडीच वर्षांची कैद सांगितली. शस्त्रक्रिया केली नसती तरी ते रोगी कांहीं काळ जगूं शकले असते, असें न्यायालयास आढळून आलें.

येथें कोणी म्हणेल कीं, नवें काम करितांना चूक व्हावयाचीच. होय, चूक होते. परंतु चूक आणि असत्य यांत अंतर आहे. डॉ. अँथनी अटाला ह्यांनीं सात मुलांच्या व तरुणांच्या मूत्राशयास त्यांच्याच पेशी वाढवून केलेली जोड दिली, व २००६ सालीं तिचा चांगला परिणाम प्रसिद्ध केला. हें काम छपाईचें नव्हतें. वेलासाठीं मांडव घालावा तसा विरघळणारा सांगाडा हातानें करून त्यावर पेशी पसरिल्या होत्या. पुढें दुसऱ्या वैद्यांनीं अधिक मुलांवर त्याच पद्धतीची परीक्षा घेतली. तींत सुधारणा दिसली नाहीं, व कित्येकांस त्रासही झाला. हा निराशेचा निकाल त्यांनीं २०१४ सालीं उघडपणें छापला. आम्हांस वाटतें, ह्या विद्येचें खरें बळ अशा कागदांत आहे. ज्यानें आपलें अपयश सांगितलें, त्यानें पुढच्या रोग्याचा जीव वांचविला.

तिसरें बंधन असें कीं, ही ठेव पैसेवाल्यांच्या दारांतच अडकून राहूं नये. ज्या काळीं कायदा नव्हता, त्या काळीं आमच्या देशांत कर्जांत बुडालेल्या माणसांनीं मूत्रपिंडें विकलीं, आणि श्रीमंतांनीं तीं घेतलीं. १९९४ सालीं अवयवांचा विक्रा बंद करणारा कायदा झाला, व पुढील वर्षीं महाराष्ट्र, गोवा व हिमाचल प्रदेश ह्या राज्यांत तो प्रथम लागू झाला. तरीही दलालांचा धंदा समूळ गेला नाहीं. कारण गरज मोठी आणि दान थोडें. छापलेलें मूत्रपिंड जर कधीं सर्वांस मिळूं लागलें, तर हा काळा बाजार आपोआप ओस पडेल. परंतु तें सर्वांस मिळेल काय? १९२३ सालीं इन्सुलिनचा शोध लावणाऱ्यांनीं आपला हक्क एकेका डॉलरास टोरांटो विद्यापीठास देऊन टाकिला, अशासाठीं कीं, ह्या औषधावर कोणा एकाची मालकी नसावी. असें असूनही पुढें अमेरिकेंतच इन्सुलिन इतकें महाग झालें कीं, कित्येकांनीं तें मोजून मापून, कमी कमी घेतलें. ह्यावरून दिसतें कीं, शोध लावणाऱ्याचें औदार्य एकटें पुरत नाहीं. समाजानेंही जागें राहिलें पाहिजे. ज्या विद्येस सरकारी खजिन्यांतून, म्हणजे आपल्या सर्वांच्या पैशांतून, पोषण मिळतें, तिचें फळ सरकारी रुग्णालयाच्या दारापर्यंत आलें पाहिजे, असें म्हणण्याचा हक्क खेड्यांतील मजुरासही आहे.

मग ह्या विद्येस मर्यादाच नाहीं काय? आहे. कान, कातडी, मूत्रपिंड हीं कोणा तरी माणसाकरितां आहेत; त्यांस स्वतःचें सुखदुःख नाहीं. परंतु जी घडण पुढें स्वतःच सुखदुःख जाणूं लागेल, तिला सुट्या भागांसारखें वागवितां येणार नाहीं. अवयव हा माणसाचा सेवक आहे. माणूस कोणाचाही सुटा भाग नव्हे. ही रेघ जेथें पुसट होईल, तेथें यंत्र थांबविणें हेंच शहाणपण होय.

आतां त्या वृद्ध गृहस्थांचा दुसरा प्रश्न राहिला: थांबावें काय? ह्याचें उत्तर आम्हीं त्यांस तेथेंच दिलें, व तेंच येथें देतों. थांबूं नये. उद्यांच्या यंत्राची आशा धरून आजचें दान नाकारणें म्हणजे पुढच्या वर्षाच्या पावसाच्या भरंवशावर ह्या वर्षाचें पीक वाळूं देणें होय. आईचें मूत्रपिंड जुळत असेल व वैद्य ती सुदृढ आहे असें म्हणत असतील, तर तिची इच्छा मोडूं नये. मात्र तिच्यावर कोणी जबरदस्तीही करूं नये. तिचें जुळत नसेल, तर रुग्णालयामार्फत मुलाचें नांव प्रतीक्षायादींत घालावें. मुंबई, पुणें, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथें ह्या कामाचीं विभागीय केंद्रें आहेत.

आणखी एक सूचना आम्हांस आग्रहानें करावयाची आहे. मोठ्या विद्येच्या सावलींत नेहमीं लहान ठग उभे असतात. स्टेम सेल, म्हणजे मूळ पेशी, टोंचून कोणताही रोग बरा करितों, अशा जाहिराती पुष्कळ ठिकाणीं दिसतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ सालच्या मार्गदर्शक नियमांप्रमाणें रक्ताच्या कांहीं ठराविक विकारांवरील मान्य उपचार सोडले, तर मूळ पेशींचा उपयोग केवळ रीतसर परवानगी घेतलेल्या प्रयोगांतच करतां येतो. तेव्हां शेत गहाण टाकण्यापूर्वीं वैद्यास नम्रपणें विचारावें: हा उपचार आहे कीं प्रयोग? ह्यापूर्वीं किती जणांवर केला, व ते आज कसे आहेत? प्रयोग असेल, तर परवानगीचा कागद कोठें आहे? आणि अपाय झाल्यास माझी काळजी कोण घेईल? २०१९ सालच्या सरकारी नियमांप्रमाणें प्रयोगांत अपाय झालेल्यास मोफत औषधोपचार व भरपाई मिळण्याची तरतूद आहे. खरा वैद्य ह्या प्रश्नांनीं रागावणार नाहीं. जो रागावेल, त्याच्या दारांतून परत फिरावें.

आणि जे निरोगी आहेत त्यांस काय सांगावें? यंत्र आलें म्हणजे दानाची गरज सरेल, असा पुष्कळांचा समज आहे. आम्हांस तसें वाटत नाहीं. हैदराबादेंत छापलेलें डोळ्याचें पटल देखील मनुष्याच्या दान केलेल्या पटलांतील द्रव्यापासूनच सिद्ध केलेलें होतें. म्हणजे यंत्राच्या मागेंही दातेपण उभेंच आहे. मरणानंतर सुमारें सहा तासांच्या आंत डोळे काढून घेतले, तर एका मनुष्यापासून दोघांस दृष्टि मिळूं शकते. त्यास यंत्र लागत नाहीं, पैसा लागत नाहीं, म्हातारपण आड येत नाहीं. लागतो तो घरच्या माणसांचा होकार, आणि तो मरणाच्या घाईंत नव्हे, तर जेवावयास एकत्र बसलें असतां आधींच ठरवून ठेवावा हें बरें.

ह्याप्रमाणें विचार करितां, सजीव मांसास आकार देणें हें मनुष्यानें हातीं घ्यावें, असेंच आमचें मत होतें. पुण्याजवळच्या त्या विटा करणाऱ्या कारागिरानें तें घेतलें होतें, आणि चांगलेंच केलें. परंतु त्याच्या कामाची एक खूण प्रत्येक नव्या यंत्रापुढें लटकावून ठेवण्यासारखी आहे. त्यानें घाई केली नाहीं. नव्या नाकांत रक्त खेळूं लागेपर्यंत त्यानें जुना सांधा तोडिला नाहीं. आम्हींही तसेंच करावें: नवी विद्या आपल्या पायांवर उभी राहीपर्यंत आई, भाऊ, शेजारी व मरतांना डोळे देऊन जाणारा अनोळखी मनुष्य ह्यांच्याशीं असलेला आपला जुना सांधा तोडूं नये.

तो मुलगा व त्याची आई ह्यांच्या तपासण्या जिल्ह्याच्या रुग्णालयांत सुरू झाल्या आहेत, असें त्या गृहस्थांचें पत्र नुकतेंच आम्हांस आलें आहे.